एक वेल, सहा ऋतू : आयुर्वेद शिक्षणाच्या धुरीणांना खुले पत्र

मा. अध्यक्ष,
भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग,
नवी दिल्ली



सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका आयुर्वेद महाविद्यालयात मी गेली सव्वीस वर्षं द्रव्यगुण शिकवते. संध्याकाळी गावातल्या दवाखान्यात बसते. आयोगाला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. मागणं एकच आहे, पण ते नीट कळायचं तर मागच्या वर्षीच्या परीक्षेचा प्रसंग आधी सांगायला हवा.

द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकात टेबलावर ओळीने काचेच्या बरण्या मांडलेल्या असतात. प्रत्येकीत सुकलेलं एक द्रव्य, बाहेर नंबरची चिठ्ठी. घंटा वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचं. एका हुशार मुलीने सगळ्या बरण्या बरोबर ओळखल्या. गुळवेलीच्या बरणीसमोर लॅटिन नाव, कूळ, रस तिक्त-कषाय, वीर्य उष्ण, विपाक मधुर, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. परीक्षा आटोपल्यावर मी तिला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथे एक जुना कडुनिंब आहे, त्यावर मनगटाएवढ्या जाडीची गुळवेल चढली आहे आणि तिची दोऱ्यासारखी हवाई मुळं खाली लोंबत असतात. मुलीने तोंडावर आलेली ती मुळं हाताने बाजूला सारली आणि मला विचारलं, "मॅडम, काय दाखवणार होतात?"

तिचा दोष नाही. दीड वर्ष ती त्या अंगणातून जात-येत होती आणि तिला शिकवणारी मी होते. त्या दिवशी मला पुन्हा जाणवलं की आपण मुलांना वनस्पतीची माहिती देतो, वनस्पती देत नाही. वनस्पती कुठल्या मातीत उगवते, कोणत्या ऋतूत तिच्यात काय भरतं, कोण ती तोडतं, बाजारात तिच्या नावावर काय विकलं जातं, ती कुटायची-शिजवायची कशी, आणि शेवटी समोर बसलेल्या या माणसाला, या वयात, या आजारात, त्याच्या बाकीच्या गोळ्यांसोबत ती द्यायची की नाही, हा सगळा एकच धागा आहे. अभ्यासक्रमात त्याचे तुकडे झाले आहेत. द्रव्यगुण एका मजल्यावर, रसशास्त्र-भैषज्यकल्पना दुसऱ्या मजल्यावर, कायचिकित्सा पुढच्या वर्षात. जंगल तर कुठेच नाही. ते तुकडे जोडायचं काम विद्यार्थ्यावर सोडून दिलेलं आहे, आणि बहुतेकांच्या हातून ते होत नाही.

गुळवेलीचंच घ्या. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी तिचा काढा उकळत होता. सोसायटीच्या कुंपणावरची वेल ओरबाडून नेलेली मी स्वतः पाहिली आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी काही रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेणाऱ्या या लोकांच्या यकृताला इजा झालेली होती आणि चित्र असं होतं, की शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटलं आहे. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की गुळवेल म्हणून दुसरीच वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, पोटात गेली असण्याची शक्यता आधी तपासायला हवी होती. वाद खूप गाजला, दोन्हीकडची माणसं रागावली. मी मात्र त्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला चारच गोष्टी विचारत होते: वेल कुठली, तोडली कोणी, किती घेता, किती दिवस झाले?

उत्तरं ऐकून जीव घाबरायचा. वेल वॉचमनने आणून दिलेली. रोज ग्लासभर. आठ महिने. एका ताईंनी पिशवीतून फांदीच काढून दाखवली. पान हृदयाच्या आकाराचं होतं खरं, पण देठ पानाच्या काठाला न चिकटता थोडा आत चिकटलेला होता. ती पहाडवेल निघाली. पहाडवेलही औषधीच आहे, पण त्यांना ती नको होती आणि त्या ती तीन महिने पीत होत्या.

ही ओळख अवघड नाही. आपल्या गुळवेलीच्या खोडावरची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवं अंग दिसतं. आडवी कापली तर आत चाकाच्या आऱ्या दिसतात. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे दाट उंचवटे असतात, नुसतं बोट फिरवलं तरी कळतं. आणखी एका भावंडाच्या पानाला खालून मऊ लव असते. एकदा हात लावलेला माणूस जन्मात चुकत नाही, पण बरणीतल्या सुकलेल्या तुकड्यांवरून यातलं काहीही कळत नाही.

आणि तरीही, खरी गुळवेल, बरोबर ओळखलेली, बरोबर ऋतूत काढलेली असली तरी आठ महिने रोज ग्लासभर प्यायला कोणत्या वैद्याने सांगितलं होतं? काढ्याला मात्रा आहे, काळ आहे, प्रकृती आहे. आमच्या मुलांपैकी किती जणांनी त्या काळात घरच्यांना थांबवलं? माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारलं, तर बहुतेकांच्या घरी तो काढा चालू होता आणि तो करून देणारी तीच मुलं होती.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितलं आहे की वनस्पतींची नावं आणि रूपं शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनात राहणारे लोक जाणतात. पण नाव-रूप जाणण्याने औषध कळत नाही, देश आणि काळ पाहून माणसागणिक त्याची योजना ज्याला करता येते तो श्रेष्ठ वैद्य. हा भाग आम्ही पाठ करून घेतो. त्यातल्या दुसऱ्या अर्ध्याचा आम्हाला अभिमान आहे. पहिला अर्धा, म्हणजे नाव आणि रूप, आपल्याला येतोच असं आम्ही धरून चाललो आहोत. गुराख्यापेक्षा वरच्या पायरीवर बसायला निघालेल्या मुलांना गुराख्याची पायरीच चढता आलेली नाही.

म्हणून दहा वर्षांपूर्वी मी मुलांना घेऊन आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात जायला लागले. तिथले महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या हिरडा गोळा करतात. चैत्र-वैशाखात झाडावरची कोवळी फळं काढून, खडकावर पसरून, काळी कुळकुळीत होईपर्यंत वाळवतात. तोच बाळहिरडा. पहिल्या वर्षी एका मावशींनी मुलांपुढे मूठभर फळं धरली, त्यातलं एक दगडाने फोडलं आणि म्हणाल्या, "ह्याच्यात बी धरलंय. हा बाळ न्हाई ऱ्हायला. व्यापारी घेतो, पर मी ह्यो निराळा काढते." मग त्यांनी न फोडता, नुसतं दोन बोटांत दाबून, आवाजावरून बी धरलेली फळं वेगळी काढून दाखवली. माझी मुलं अर्धा तास दगडावर बसून फळं दाबत होती. बाळहिरडा सौम्य, मोठा हिरडा तीव्र, हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. त्या दोघांत किती दिवसांचं अंतर असतं आणि ते कोणाच्या बोटांना कळतं, हे तिथे कळलं.

जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा त्या भागातली कितीतरी हिरड्याची झाडं उन्मळून पडली. नुकसानभरपाईसाठी तिथल्या लोकांना मोर्चे काढावे लागले. मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?" मी त्याला रागावले नाही. त्रिफळा चूर्णाच्या डबीवर हिरड्याच्या झाडाचं चित्र असतं. झाडाखालच्या माणसाचं नसतं, म्हणून तो माणूस अभ्यासाचा भाग आहे हे त्याच्या लक्षात येणं कठीणच होतं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्याकडे घराघरांत जिचं तेल करतात ती गोल पानांची ब्राह्मी ग्रंथकारांची मंडूकपर्णी आहे. ग्रंथातली ब्राह्मी म्हणून बहुतेक विद्वान जी मानतात, ती ओलसर जागी पसरणारी, बारीक मांसल पानांची वनस्पती आपण जलब्राह्मी म्हणून ओळखतो. शंखपुष्पी या एका नावाखाली तीन-चार वेगळ्या कुळांतल्या वनस्पती देशभर विकल्या जातात. अशोकाच्या सालीच्या नावावर रस्त्याकडेला लावतात त्या उंच, सरळसोट आसुपालवाची साल येते, कारण खरा सीताअशोक साल काढून काढून दुर्मीळ झाला आहे. काष्ठौषधींच्या दुकानातला माणूस दर वेळी लबाडी करतो असं नाही. त्याच्याकडे गोणी त्या नावानेच आलेली असते. गोणी उघडून वास घेणारा, मोडून पाहणारा, चव घेऊन थुंकणारा वैद्य गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे येईनासा झाला आहे, हे खरं दुखणं.

याची किंमत काय असते ते जगाने पाहिलं आहे. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या. त्यात स्टेफानिया नावाची मुळी हवी होती. चिनी नाव जवळपास सारखंच असलेली ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी तिच्या जागी पडली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, पुढे त्यांतल्या कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोन नावांतल्या एका शब्दाने हे घडवलं. त्याच कुळातली सापसण आपल्या रानात उगवते आणि काही ठिकाणी अजून औषध म्हणून दिली जाते. द्रव्यगुणाच्या प्रत्येक वर्गात ही हकिकत सांगितली गेली पाहिजे, आणि सांगून झाल्यावर मुलांना सापसणीचं पान हातात द्यायला हवं.

आपल्याकडे हे जमत नव्हतं असं नाही. सतराव्या शतकात कोचीला डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करवला, 'हॉर्टुस मलाबारिकुस'. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यामागे इट्टी अच्युदन हे मल्याळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. या तिघांचं कोंकणीतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. पोथी आणि फांदी त्यांच्यापुढे एकाच वेळी होत्या. आज आमची मुलं त्या फांदीचा फोटो मोबाइलवर पाहतात.

आता बिब्ब्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वनस्पती शिकणं म्हणजे काय हे मला बिब्ब्याने शिकवलं. रसशास्त्राच्या सहकाऱ्यांशी बोलून मी काही वर्षांपूर्वी बिब्ब्याच्या शोधनासाठी, म्हणजे शुद्धीसाठी, दोन विषयांचा एक तास जोडून घेतला. बिब्बे पाण्यात टाकायचे. बुडतील ते घ्यायचे, तरंगतील ते फेकायचे. टोप्या काढायच्या. जाड कापडाच्या पिशवीत विटेच्या भुकटीबरोबर घालून चोळायचे. चोळताना काळं, दाट तेल सुटतं, भुकटी ते पिते आणि लाल विटेची भुकटी हळूहळू काळी पडते. मग नवी भुकटी, पुन्हा चोळणं. शेवटी गरम पाण्याने धुवायचे. आधी हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडायचं. एका मुलाने मनगटाच्या वर तेल लावलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या हातावर बिब्बा उतला: फोड, लाली, रात्रभर आग. आठवडाभराने तो परत आला आणि म्हणाला, "मॅडम, शोधन का करायचं ते आता मला कोणी समजावून सांगायला नको." तो मुलगा आज वैद्य आहे. बिब्ब्याचं औषध देण्याआधी तो रोग्याच्या घरात कोणाला बिब्बा उतलाय का हे विचारतो. ते विचारायचं त्याला त्या फोडांनी शिकवलं.

दवाखान्यातला एक प्रसंग मात्र सांगायला जड जातो. एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पायांत गोळे, छातीत धडधड, अंगात त्राण नाही. रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेत होते. आणि आम्लपित्तासाठी माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने दिलेलं ज्येष्ठमधाचं चूर्ण, चार महिने, सकाळ-संध्याकाळ. ज्येष्ठमध उत्तम प्रतीचं होतं. आम्लपित्तात ते सांगितलेलंही आहे. पण ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढू शकतो आणि पोटॅशियम उतरतं. त्यांची ती गोळीही पोटॅशियमच घालवत होती. तपासणीत ते धोक्याच्या पातळीला उतरलेलं निघालं, त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. माझ्या विद्यार्थ्याने नाडी पाहिली होती, जीभ पाहिली होती, प्रकृती लिहिली होती. शर्टाच्या खिशातली दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी मागून घेतली नव्हती. रोग्याकडे समग्रतेने पाहा असं आम्ही वर्गात सारखं सांगतो. त्या समग्रतेत तो खिसा येतो, हे मी कधी सांगितलं नव्हतं. आता सांगते.

आणि लिहून ठेवणं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेवर लेख लिहिला आणि उच्च रक्तदाबावरचं हे औषध जगाने उचललं. १९५२ मध्ये त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. सर्पगंधा काही त्यांनी शोधून काढली नव्हती. आपले वैद्य ती कधीपासून देत होते, १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनीही तिच्यावर लिहिलं होतं. पण वकिलांनी किती रोग्यांना दिली, किती मात्रेत, रक्तदाब किती उतरला, त्रास काय झाला, हे मांडून दाखवलं. पुढे रेसर्पिनने काही रोग्यांना खिन्नता येते हेही अशा नोंदींमुळेच कळलं. आपल्या दवाखान्यांतून रोज किती अनुभव वाहून जातो! गुण आलेल्या रोग्यांच्या गोष्टी आम्ही संमेलनात सांगतो, ज्यांना त्रास झाला त्यांच्या सांगत नाही. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्याची व्यवस्था २०१८ पासून आहे, पण त्या ज्येष्ठमधाची नोंद पाठवायला मीसुद्धा दोन महिने लावले, कारण चूक माझ्या विद्यार्थ्याची होती.

सर्पगंधा आता रानात सहज सापडत नाही. नरक्याचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. उग्र वासामुळे गावकरी ज्याला नरक्या म्हणतात, त्या झाडात कर्करोगावरच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन असतं हे बाहेर समजलं आणि सह्याद्रीतली झाडं मुळासकट ट्रकमध्ये भरून गेली. तोडणाऱ्याला दिवसाची मजुरी मिळाली. वैद्याचं शिक्षण रोग्याजवळ येऊन थांबत असेल तर हे त्याला आपलं दुखणं वाटणार नाही. मुळी संपली की चिकित्साही संपते, मग ग्रंथात काहीही लिहिलेलं असो.

महोदय, आता मागणं. नियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात वनौषधींची बाग असते, हर्बेरियम असतं, सहली असतात. यासाठी नवा खर्च नको, फक्त आहे त्याला गुण द्या. द्रव्यगुण सुरू होईल त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर एक वनस्पती लिहून द्या आणि सहाही ऋतू त्याने तिच्यामागे राहावं. ती कधी पान टाकते, कधी फुलते, मूळ कधी काढायचं, साल कधी, कोणी काढायची. बाजारातून तिच्या नावाचा नमुना आणून खऱ्याशी ताडून पाहावा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि आघारकर संशोधन संस्था यांची हर्बेरियम आहेत, तिथे नमुना तपासून घ्यावा. तिची एक कल्पना, चूर्ण, काढा, सत्त्व, जे असेल ते, स्वतःच्या हाताने करावी. आणि ती दिलेल्या निदान एका रोग्याची हकिकत, गुण आलेला असो वा नसो, वरिष्ठांसोबत बसून पूर्ण लिहावी, त्याच्या बाकीच्या औषधांसकट. हे सगळं एकाच वहीत आणि त्या वहीला बरण्यांच्या परीक्षेपेक्षा जास्त गुण. परीक्षा बागेत, झाडाखाली. आणि रानात जी माणसं मुलांना शिकवतात त्यांना पाहुण्या प्राध्यापकाप्रमाणे मानधन मिळावं, नावानिशी, सही घेऊन. आमच्या त्या मावशींना मी दरवर्षी साडी देते. त्यांनी दिलेल्या ज्ञानाचं मोल म्हणून ते फार थोडं आहे.

मुलांच्या वेळापत्रकात जागा नाही असं म्हटलं जाईल. सहा ऋतूंना एक वर्ष लागतं आणि द्रव्यगुणाला तेवढा वेळ आजही मिळतो. शहरातल्या महाविद्यालयांना जंगल कुठून आणणार असंही विचारतील. पुनर्नवा फुटपाथच्या फटीतून उगवते, आघाडा प्रत्येक पडीक जागेत असतो, गुळवेल तर मुंबईच्या कुंपणांवर आहेच.

आमच्याकडे हे मी गेल्या जूनपासून, कोणी सांगितलेलं नसताना, वीस मुलांपुरतं सुरू केलं आहे. परीक्षेनंतर अंगणात उभी राहिलेली ती मुलगी त्यात आपणहून आली आणि तिने गुळवेल मागून घेतली. हिवाळ्यात तिच्या वेलीला लाल फळांचे घोस येतील. त्या सुमारास एक दिवस काढून या. वही तीच आपल्याला दाखवील, कडुनिंबाखाली.

आपली नम्र,
द्रव्यगुणाची एक अध्यापिका